ठाणे आणि नवी मुंबईतील वडापावच्या गाडीचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या जुन्या वडापावच्या गाड्यांची माहिती मी जमवतो हे कळल्यापासून वाचकांचे प्रश्न येत असतात आणि त्यांतले बरेचसे तेच ते असतात. वेगवेगळ्या वेळी दिलेली उत्तरे इथे एकत्र केली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, कारण एकाच गोष्टीचे दोनदा उत्तर देण्यापेक्षा त्या क्रमांकाकडे बोट दाखवणे सोपे जाते. पदार्थाच्या इतिहासावर भरपूर लिहिले गेले आहे. इथला भर गाडीवर, म्हणजे ती कुठे उभी राहिली, का उभी राहिली आणि टिकली कशी, यावर आहे.

१. वडापाव साधारण किती जुना आहे?

साठ वर्षांच्या आसपास. १९६६ साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली, ही नोंद सर्वांत जास्त मानली जाते. ते आधी वडे आणि पोहे विकत असत. शेजारी ऑम्लेट-पावाची गाडी होती आणि तिथला पाव पाहून त्यांना ही जोडी सुचली, अशी हकिकत सांगितली जाते.

२. पहिला वडापाव अशोक वैद्यांचा की सुधाकर म्हात्रे यांचा?

दोन्ही नावे दादरची आहेत आणि दोन्ही त्याच सुमाराची आहेत. माझ्या मते या वादातून फारसे काही हाती लागत नाही. ज्या स्थानकाबाहेर हजारो माणसे गाडी पकडण्याच्या घाईत असतात, जिथे एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात छत्री असते, तिथे बशी आणि चमचा लागणार नाही असा पदार्थ दोन माणसांना जवळपास एकाच वेळी सुचणे यात नवल नाही. पाव ही इथे बशीच आहे, फक्त ती खाता येते. श्रेय मात्र वैद्यांकडे जास्त जाते आणि तसे जाण्यास माझी हरकत नाही.

३. म्हणजे १९६६ च्या आधी वडा आणि पाव नव्हते का?

दोन्ही होते, पण वेगवेगळ्या घरांत होते. बटाटावडा उपाहारगृहांत, खानावळींत आणि नाटकाच्या मध्यंतरात मिळत असे. मध्यंतरातला वडा हा तर मराठी नाट्यगृहाचा जवळजवळ अविभाज्य भाग मानला जातो आणि तलावपाळीवरचे गडकरी रंगायतन १९७८ मध्ये सुरू झाले तेव्हा ती सवय ठाण्यातही आली. पाव मात्र बेकरीचा, चहाबरोबर खाण्याचा किंवा उसळीत बुडवण्याचा होता. कित्येक घरांत तो आजारी माणसाचे किंवा प्रवासातले खाणे समजला जाई.

शब्दांकडे पाहिले तर 'पाव' आणि 'बटाटा' हे दोन्ही पोर्तुगीज भाषेतून मराठीत आलेले आहेत आणि बटाट्याप्रमाणे मिरचीही पोर्तुगीजांच्याच व्यापारातून या देशात आली. ठाण्यावर पोर्तुगीजांचा अंमल १७३७ पर्यंत होता. त्या वर्षी मराठ्यांनी ठाणे घेतले आणि दोन वर्षांनी, १७३९ मध्ये, वसईचा किल्ला पडला. ठाण्याचा जो किल्ला तेव्हा हातात आला त्याच्या आवारात आज मध्यवर्ती कारागृह आहे. त्यामुळे वडापावातले अस्सल देशी घटक मोजायला बसले की हरभऱ्याचे पीठ, हळद, लसूण, कोथिंबीर एवढेच उरतात. पदार्थ मात्र शंभर टक्के इथला आहे.

४. ठाण्यात वडापावच्या गाड्या कोणत्या भागांत वाढल्या आणि तिथेच का?

ठाण्याच्या जुन्या गाड्यांच्या जागा नकाशावर टिंबांनी दाखवल्या, तर ती टिंबे दोन ठिकाणी दाट होतात: स्थानकाभोवती आणि कारखान्यांच्या फाटकांसमोर.

स्थानकाचे कारण उघड आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच येऊन थांबली होती. तेव्हापासून हे गाव मुंबईला जाणाऱ्या-येणाऱ्यांचे आहे. सकाळी घरून न खाता निघालेला आणि संध्याकाळी घरी पोहोचायला अजून तासभर असलेला माणूस हे स्थानकावरच्या गाडीचे कायमचे गिऱ्हाईक.

कारखान्यांचे कारण अधिक रंजक आहे. ठाण्यात रेमंडची लोकरी कापडाची गिरणी १९२५ पासून होती आणि ती २००९ मध्ये बंद झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखान्यांची दुसरी रांग उभी राहिली. या सगळ्या ठिकाणी काम पाळ्यांमध्ये चाले. मोठ्या कंपन्यांना स्वतःची उपाहारगृहे होती, पण लहान वर्कशॉपना ती परवडत नसत आणि वागळे इस्टेटमध्ये लहान वर्कशॉपच अधिक. तिथला कामगार भोंगा होताच बाहेर येई, दहा मिनिटांत खाऊन परत जाई आणि पैसे बहुधा पगाराच्या दिवशी देई.

यामुळे कारखान्यासमोरच्या गाडीचे वेळापत्रक स्थानकावरच्या गाडीपेक्षा वेगळे झाले. स्थानकावरची गाडी संध्याकाळी रंगात येई. वागळे इस्टेटमधली गाडी पहाटे पहिल्या पाळीच्या आधी चहासह उघडे, दुपारी पाळी बदलताना तिच्यावर झुंबड उडे आणि मधल्या वेळात मालक बटाटे सोलत बसलेला दिसे. कारखाने गेले आणि त्यांच्या जागी कार्यालये आली, तेव्हा ज्या गाड्यांना वेळ बदलणे जमले त्याच टिकल्या. माझ्या ओळखीची एक गाडी आता सकाळी अकरापर्यंत उघडतच नाही.

५. गिरणी संपामुळे वडापाव जन्माला आला, हे खरे का?

नाही. संप १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. तोवर वडापाव सोळा वर्षांचा झाला होता (प्रश्न १ पाहा). संपाने पदार्थ जन्माला घातला नाही, विक्रेते जन्माला घातले. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात उतरले, बहुतेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत आणि घरात बसलेल्या माणसाला एक कढई, एक स्टोव्ह, थोडे तेल-पीठ आणि बायकोच्या हातची चटणी एवढ्या भांडवलावर सुरू करता येईल असा धंदा दिसला. भांडवल थोडे आणि रोजचा पैसा रोज हातात, हे दोन गुण बेकार माणसाच्या दृष्टीने फार मोठे होते.

ठाण्यापुरते बोलायचे तर थेट गिरणीतून निघून गाडी लावलेल्यांपेक्षा, लालबाग-परळ सोडून ठाणे, कळवा, डोंबिवलीकडे राहायला आलेल्या कुटुंबांतल्या पुढच्या पिढीने गाडी लावल्याची उदाहरणे मला जास्त आढळली.

६. गाड्यांचा आणि राजकारणाचा संबंध काय?

शिवसेनेची स्थापना १९ जून १९६६ रोजी झाली, म्हणजे पक्ष आणि पदार्थ एकाच वयाचे आहेत. मराठी तरुणांनी नोकरीची वाट न पाहता छोटे धंदे करावेत, हा प्रचार पक्षाने केला आणि त्यात वडापावची गाडी हे हाताशी असलेले उदाहरण होते. १९६७ मध्ये पक्षाला पहिली सत्ता ठाणे नगरपालिकेतच मिळाली, त्यामुळे इथल्या नाक्यांवर शाखा आणि गाडी शेजारीशेजारी दिसत आल्या आहेत. याहून अधिक अर्थ काढण्याचे कारण नाही. गाडीवर खाणाऱ्याला पक्ष विचारला जात नाही.

७. मामलेदार मिसळ, कुंजविहार, गजानन या मुळात गाड्याच होत्या ना?

मामलेदार मिसळ नव्हे. १९४६ मध्ये नरसिंह मुर्डेश्वर यांनी मामलेदार कचेरीच्या आवारात उपाहारगृह सुरू केले आणि पुढे लक्ष्मण मुर्डेश्वर यांनी ते नावारूपाला आणले. कचेरीत दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या माणसाला बसून खायची जागा हवी होती. तिखटाच्या पायऱ्या ठरवून, घाम पुसत खायचा तो पदार्थ चालता-चालता खाण्यासारखा नाहीच. म्हणून मिसळीला छप्पर लागते आणि वड्याला लागत नाही, असे मी थोड्या विनोदाने म्हणतो, पण त्यात तथ्य आहे.

स्थानकाजवळचे कुंजविहार तिथल्या भल्यामोठ्या वडापावामुळे ओळखले जाते आणि नौपाड्यातले गजानन पिवळ्या बेसनाच्या चटणीमुळे. आज दोन्ही दुकाने आहेत. ठाण्याच्या वडापावावर बोलताना त्यांना वगळता येत नाही, परंतु हे पान रस्त्यावरच्या गाडीपुरते आहे.

८. गाडीला चाके असतात, पण ती हललेली कधी दिसत नाही. असे का?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे.

वागळे इस्टेटमधल्या एका आडव्या रस्त्यावर मी शाळेत असल्यापासून ज्या गाडीवर खातो तिचे वर्णन करतो. गाडीला सायकलच्या जातीची चार चाके आहेत आणि चारही चाकांखाली विटा आहेत. टायर कधीच फुटून गेले आहेत, आरे गंजले आहेत आणि पुढच्या डाव्या चाकाच्या आऱ्यांमध्ये एक फडके कायम खोचलेले असते. वर पत्र्याचे छप्पर, मागच्या बाजूला देवाची तसबीर, डावीकडे शेगडी आणि जाड बुडाची लोखंडी कढई, उजवीकडे पावाच्या लाद्या. मधल्या फळीला झाकणे असलेले तीन खोलगट डबे आहेत: सुकी चटणी, हिरवी चटणी, गोड चटणी. मालक डाव्या हाताच्या अंगठ्याने पाव उघडतो, तो पूर्ण फाटू देत नाही, त्याच हालचालीत सुकी चटणी दाबतो आणि उजव्या हातातल्या झाऱ्यावर तेल निथळत असलेला वडा त्यात सोडतो. हे सारे एवढ्या वेळात होते की सुट्टे पैसे काढायला खिशात गेलेला हात बाहेर येण्याआधी वडापाव समोर आलेला असतो.

चाके आहेत कारण पूर्वी गाडी रोज रात्री हलवावी लागे. पालिकेची मोहीम आली की ती ढकलत गल्लीत न्यावी लागे. जी गाडी पळू शकते ती जप्त होत नाही, हा साधा हिशेब होता. पुढे जागा पक्की झाली, पण चाके काढली नाहीत, कारण चाके काढली की ती गाडी राहत नाही, बांधकाम होते, आणि बांधकामाला लागणारे नियम निराळे. आजच्या पथविक्रेता कायद्यातही विक्रीची प्रमाणपत्रे स्थिर विक्रेता, फिरता विक्रेता अशा वेगवेगळ्या वर्गांत दिली जातात. विटांवर उभी असलेली गाडी कागदोपत्री स्थिर वर्गात बसते, तरी बोलीत ती गाडीच राहते.

९. अस्सल वडापावात कोणती चटणी असते? आणि चुरा कुठून आला?

लसूण, सुके खोबरे आणि लाल तिखटाची सुकी चटणी ही गाडीची मूळ चटणी, असे माझे मत आहे आणि त्याचे कारण चव नसून टिकाऊपणा आहे. बर्फाशिवाय, उन्हात, दिवसभर उघडझाक होणाऱ्या डब्यात ओली चटणी आंबते आणि सुकी टिकते. हिरवी आणि चिंच-गुळाची गोड चटणी या भेळवाल्यांकडून आलेल्या पाहुण्या आहेत. पिवळ्या बेसनाच्या चटणीविषयी प्रश्न ७ मध्ये आले आहे.

चुरा म्हणजे पिठात बुडवलेला वडा कढईत सोडताना तेलात पडणाऱ्या थेंबांच्या कुरकुरीत कण्या. त्या प्रत्येक घाण्यानंतर झाऱ्याने काढाव्याच लागतात, नाहीतर जळून तेल काळे करतात. काढलेल्या कण्या टाकण्याऐवजी पोरांना फुकट दिल्या जात. आम्ही शाळेतून येताना 'काका, चुरा' म्हणून हात पसरत असू. आता चुरा-पाव वेगळ्या दराने मिळतो आणि काही गाड्यांवर खास चुऱ्यासाठी नुसते पीठ तेलात सोडले जाते, ज्याला जुने विक्रेते नाक मुरडतात.

१०. एखाद्या गाडीचा वडा पावसाळ्यात बिघडतो असे का वाटते?

दोष बहुधा बटाट्याचा असतो. नव्या बटाट्यात पाणी जास्त असते, सारण चिकट होते आणि वडा आतून लगदा लागतो. मुरलेला जुना बटाटा कोरडा, पिठूळ उकडतो. ठाण्यातल्या गाड्यांचा बटाटा बव्हंशी वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातून येतो. तिथे तळेगाव, इंदूर, आग्रा अशा गावांच्या नावांनी माल ओळखला जातो आणि अनुभवी गाडीवाला हंगाम पाहून नाव बदलतो. दमट हवेत बेसनही ओल धरते. सोडा वाढवून ही ओल झाकता येते, पण सोडा वाढला की वडा तेल पितो.

११. नवी मुंबईतल्या गाड्यांचा इतिहास ठाण्यापेक्षा वेगळा आहे का?

हो, बराच वेगळा आहे. ठाण्यात आधी बाजार होता, जांभळी नाका होता, कोर्ट नाका होता आणि गाडी त्या गर्दीत येऊन उभी राहिली. नवी मुंबई आधी कागदावर आखली गेली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, सेक्टर ठरले, प्रत्येक सेक्टरात दुकानांची जागा ठरली. गाडीची जागा कोणत्याही आराखड्यात नव्हती.

तरी ती आली. पहिल्यांदा बांधकामावरच्या मजुरांसाठी आली. मग १९८० च्या दशकात मुंबईतला कांदा-बटाटा बाजार खाडीपलीकडे आला आणि १९९६ मध्ये फळे आणि भाजीपाल्याचे बाजारही आले. त्यांच्यामागे आलेल्या माथाडी कामगारांसाठी तुर्भे-वाशीत रात्री उघडणाऱ्या गाड्या लागल्या, कारण बाजार मध्यरात्रीनंतर जागा होतो. ९ मे १९९२ रोजी मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाली आणि स्थानकावरच्या गाडीचा प्रकार (प्रश्न ४) नवी मुंबईतही अवतरला. ठाणे-वाशी मार्गावर २००४ पासून प्रवासी गाड्या धावू लागल्यावर ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे स्थानकांबाहेर तेच घडले.

या सगळ्यामुळे नवी मुंबईत 'आजोबांच्या वेळची गाडी' शोधणाऱ्याला थोडे निराश व्हावे लागते. तिथे दुसरी पिढी म्हणजेच जुनी गाडी.

१२. आमच्या नाक्यावरच्या गाडीचे वय कसे ठरवावे?

मालकाला विचारावे, पण तेवढ्यावर थांबू नये. माझी चूक सांगतो. प्रश्न ८ मधल्या गाडीविषयी मालकांनी मला 'आणीबाणीच्या आधीची' असे सांगितले होते आणि मी तसेच लिहून मोकळा झालो. नंतर त्यांनी पत्र्याच्या पेटीतून जुन्या पावत्या काढल्या, तेव्हा सर्वांत जुनी पावती त्यानंतर तीन-चार वर्षांची निघाली. मी अवघडलो. काकूंनी उलगडा केला: 'अहो, गाडी नंतर आली. आधी हे डब्यात वडे घेऊन फाटकावर बसायचे.' धंदा आधीचा होता, गाडी नंतरची होती आणि दोघांच्याही लेखी दोन्ही विधाने खरी होती. तेव्हापासून मी दोन वेगळे प्रश्न विचारतो: विकायला कधी सुरुवात केली आणि गाडी कधी केली.

कागद हाती लागले तर त्यांवरचे मजकूर बोलतात. 'ठाणे महानगरपालिका' असे छापलेली पावती १ ऑक्टोबर १९८२ च्या आधीची असू शकत नाही, कारण त्या दिवसापर्यंत ठाण्याला नगरपालिका होती. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाला, त्यामुळे त्याआधीचा कागद असलाच तर तो सिडकोचा किंवा ग्रामपंचायतीचा असणार. फलकावर किंवा कार्डावर सहा आकडी पिनकोड असेल, तर तो फलक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. छायाचित्रात मागे उभ्या स्कूटरच्या पाटीवर 'एमएच ०४' दिसले, तर छायाचित्र १९८९ नंतरचे. दरफलकावर रुपयांबरोबर पंचवीस पैसे असतील, तर ३० जून २०११ ही त्याची शेवटची मर्यादा, कारण त्या दिवसापासून चार आण्यांचे नाणे चलनातून गेले. व्यवहारात ते त्याच्या कितीतरी आधीच दिसेनासे झाले होते.

१३. गाडीला पन्नास वर्षे झाली, तर तिला वारसा दर्जा मिळतो का?

एकट्या गाडीला नाही. १ मे २०१४ पासून लागू झालेल्या पथविक्रेता कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत म्हटले आहे की, ज्या नैसर्गिक बाजारांत पथविक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ धंदा करत आले आहेत ते वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तिथल्या विक्रेत्यांना दुसरीकडे हलवू नये. तरतूद बाजारासाठी आहे. नाक्यावर एकटी उभी असलेली गाडी कितीही जुनी असली तरी ती या व्याख्येत बसत नाही, मात्र ती अशा बाजाराचा भाग असेल तर तिचे वय त्या बाजाराच्या बाजूचा पुरावा ठरू शकते. म्हणून प्रश्न १२ मधले कागद जपून ठेवण्याला हौसेपलीकडचा उपयोग आहे.

१४. मालक वारल्यावर किंवा गाडी दुसऱ्याला दिल्यावर ती तीच गाडी मानायची का?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. विक्री प्रमाणपत्र भाड्याने देता येत नाही आणि कोणत्याही प्रकारे हस्तांतरित करता येत नाही. विक्रेता मरण पावला, कायमचा अपंग झाला किंवा आजारी पडला, तर त्याच्या जागी आधी पती किंवा पत्नी आणि नंतर अवलंबून असलेले मूल, त्या प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत धंदा चालवू शकते.

इतिहास लिहिणाऱ्याचे उत्तर इतके सरळ नसते. माझ्या नोंदींत एक गाडी अशी आहे जिचा मालक गावी परतला आणि बारा वर्षे कढईशी उभा राहणारा मदतनीस ती चालवू लागला. जागा, कढई, चटणी आणि गिऱ्हाईक सगळे तेच राहिले, फक्त आडनाव बदलले. दुसरी अशी आहे की मुलाने वडिलांचे नाव पाटीवर ठेवले, पण वडे बाहेरून तयार आणून नुसते गरम केले. मी पहिलीला तीच गाडी मानतो आणि दुसरीला नवी. यावर माझ्याशी वाद घालणारी पत्रे अनेक येतात आणि त्यांतली काही पटण्यासारखी असतात.

१५. वर्तमानपत्राच्या कागदातला वडापाव कुठे गेला?

छपाईच्या शाईतील घटक गरम, तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला आणि पुढे २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधण्यास मनाई केली. त्याच वर्षी राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि चटणीची छोटी गाठ मारलेली पिशवीही बेकायदा ठरली. नियम योग्य आहे. वडा खाऊन झाल्यावर तेलाच्या डागातून कालची बातमी वाचण्याची गंमत गेली, एवढेच.

१६. तेच ते तेल वापरण्याविषयी काही नियम आहे का?

आहे. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढत जाणाऱ्या घटकांचे) प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही. गिऱ्हाइकाकडे मोजयंत्र नसते. तेल काळपट झाले असेल, वडा सोडताच फेस वर येऊन तसाच टिकत असेल किंवा धूर लवकर निघत असेल, तर दुसरी गाडी पाहावी.

१७. स्थानकाबाहेरच्या जुन्या गाड्या अचानक का दिसेनाशा झाल्या?

एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. त्यानंतर स्थानकांभोवतीच्या फेरीवाल्यांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्थानकापासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसता येणार नाही हे स्पष्ट केले. जुन्या गाड्यांचा अर्धा धंदा त्या दीडशे मीटरमध्येच होता.

यावर हमखास येणारा उपप्रश्न असा, की 'सर्वेक्षण पूर्ण झाल्याशिवाय कोणाला हटवता येत नाही असे कायदा म्हणतो ना?' पथविक्रेता कायदा तसे म्हणतो खरा, पण रेल्वेच्या मालकीची जमीन, आवार आणि गाड्या यांना तो कायदा लागूच होत नाही. म्हणून एखादी गाडी जिन्याच्या पायथ्याशी रेल्वेच्या फरशीवर आहे की चार पावले पुढे पालिकेच्या रस्त्यावर आहे, यावर सगळे अवलंबून असते. ठाणे स्थानकाबाहेर ही हद्द डोळ्यांना दिसत नाही, मात्र तिथे जुना धंदा असलेल्या प्रत्येकाला ती फरशीच्या सांध्यापर्यंत पाठ असते.

१८. जप्त झालेला माल परत मिळतो का?

मिळायला हवा. कायद्यानुसार जप्तीच्या वेळी मालाची यादी करून ती विक्रेत्याला द्यावी लागते. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि इतर माल दोन कामकाजी दिवसांत, शुल्क भरल्यावर, परत करावा लागतो. उकडलेले बटाटे नाशवंत आहेत आणि कढई नाही, हे सांगायला कायद्याचे पुस्तक लागत नाही. तरी यादी हातात घेतल्याशिवाय जागा सोडू नये.

१९. टाळेबंदीत किती गाड्या कायमच्या बंद झाल्या?

आकडा सांगत बसण्यापेक्षा जे पाहिले ते सांगतो. २५ मार्च २०२० पासून सगळेच बंद झाले. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना आणली, तिच्यात पहिल्या टप्प्यावर १० हजार रुपयांपर्यंतचे विनातारण कर्ज मिळे. आमच्या भागातल्या ज्यांनी ते घेतले त्यांनी बहुतेक पैसे पहिल्या आठवड्याच्या तेलात आणि थकलेल्या पावाच्या उधारीत घातले. पाव देणाऱ्या बेकऱ्याही ठप्प होत्या. काही गाड्यांनी मधले महिने भाजी विकून काढले. वागळे इस्टेटमधली माझी गाडी परत उघडली त्या दिवशी काकांनी भवानीचा वडा स्वतःच खाल्ला आणि मीठ कमी पडल्याचे कबूल केले.

२०. जागतिक वडापाव दिन २३ ऑगस्टलाच का?

२३ ऑगस्ट २००१ रोजी मालाडमध्ये एका वडापाव साखळीचे, जंबोकिंगचे, पहिले दुकान उघडले, त्यावरून. वैद्यांच्या गाडीशी त्या तारखेचा संबंध नाही.

२१. मला एका गाडीची माहिती पाठवायची आहे. काय काय पाठवू?

वड्याचा जवळून काढलेला फोटो नको, तो सगळीकडे सारखाच दिसतो. गाडीची मागची बाजू, दरफलक, आजूबाजूच्या पाट्या आणि रस्ता दिसेल असा फोटो पाठवावा. मालकाचा चेहरा त्यांची परवानगी असेल तरच घ्यावा. पाव कोणत्या बेकरीतून येतो, शेगडी स्टोव्हवरून गॅसवर कधी गेली, दर शेवटचा कधी वाढला आणि गर्दी कोणत्या वेळी होते, हे चार प्रश्न विचारावेत. दुपारी तीनच्या सुमारास गेल्यास मालक बटाटे सोलत असतात आणि बोलायच्या मनःस्थितीत असतात. संध्याकाळी सहानंतर विचारल्यास उत्तर मिळणार नाही, फक्त 'किती देऊ?' एवढेच ऐकू येईल.